बाळाच्या टोपड्याला गोंडा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निफाडचा पारा घसरला की आपल्या अंकात पहिल्या पानावर बातमी येते, सोबत द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो. त्याच सुमारास आम्हा पंचवटीतल्या विणणाऱ्या बायकांना बाळंतिणींच्या वॉर्डात टोपडी वाटायची हुक्की येते. गेल्या हिवाळ्यात मी ११ टोपडी नि मोजे घेऊन एका रुग्णालयात गेले. तिथल्या सिस्टरांनी त्यातली ८ टोपडी परत केली. "आजी, फोटोत छान दिसतील," म्हणाल्या.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळून केलेले माझे गोंडे आमच्या गल्लीत नावाजलेले आहेत! पण सिस्टरांनी जाळीच्या विणीत करंगळी घातली, ती निघेना. मग मोजा उलटा करून आतला लोंबता धागा दाखवला. असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोट सुजतं, आणि मोज्याआड असल्याने कुणाला दिसतही नाही. हनुवटीखालच्या नाड्या, मणी, बटणं तर मी हौसेने लावली होती. गोंडा तर बाळ ओढून तोंडातच घालणार.

मापही चुकलं होतं. पुऱ्या दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर. अडीच किलोच्या आतल्या बाळांचं बरेचदा त्याहून लहान, आणि टोपड्याची खरी गरज त्यांनाच. मी विणलेलं त्यांच्या नाकावर उतरत होतं. आता १० नंबरच्या सुयांवर मोठ्या बाळासाठी ७२ टाके घालते, लहानासाठी ५६. सगळीकडे दोन सुलट, दोन उलट. ही वीण ताणते, डोक्याला धरून बसते. वर टाके कमी करत आणायचे, उरलेल्यांतून धागा ओवून घट्ट ओढायचा आणि टोक आतून नीट जिरवायचं. द्यायच्या आधी साध्या साबणाने धुवायचं.

अजून एक. आपण लोकर म्हणून आणतो ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे प्लास्टिकच. ती टोचत नाही हे खरं, पण आपल्याकडे अजून घरोघरी शेक-शेगडी, ओव्याची धुरी चालते. निखाऱ्याजवळ ती वितळून कातडीला चिकटते. शेकताना टोपडं काढून ठेवा, असं मी आता देतानाच सांगते. बाळ घरी नीट उबेत झोपलं असेल तेव्हाही डोक्यावर नको, ते तोंडावर घसरतं.

तुमच्या पुरवणीत दर थंडीत ससा-अस्वलाच्या कानांची टोपडी छापून येतात. एकदा हे साधं ५६ टाक्यांचं छापा की!

परत आलेल्या ८ टोपड्यांचे गोंडे मी उसवले. नातीच्या दप्तराला तीन लावलेत, बाकीचे डब्यात आहेत.

— एक वाचक आजी, पंचवटी, नाशिक