हिरो गेला तरी सिरीज थांबत नाही

प्रिय मंदार,

डॉक्टर हू या ब्रिटिश सायन्स फिक्शन सिरीजबद्दलचा तुझा मेसेज वाचून हसूच आलं. "बेसिनचा रबरी पंप हातात धरून फिरणारे डबे, त्यांना घाबरणारी माणसं, आणि हे लोक 1963 पासून बघतायत? कसं काय?" आता याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून पत्रच लिहितोय.

आधी ते इफेक्ट्सचं डोक्यातून काढ. उलट मला तर वाटतं पैसे नव्हते तेच बरं झालं. स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ सिरीजमध्ये दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवायचं तर खर्च झेपेना, म्हणून माणसं इथे गायब होऊन तिथे उगवायला लागली, आणि तीच पुढे त्या सिरीजची ओळख झाली. त्यात गोष्टही दोन मिनिटांत सुरू होते, हा वरचा फायदा.

पण खरी गोम वेगळीच आहे. डॉक्टर हूचा पहिला हिरो विल्यम हार्टनेल, 1966 पर्यंत त्याची तब्येत ढासळत गेली. आता एरवी काय करतात, एकतर गाशा गुंडाळतात नाहीतर तसाच दिसणारा कुणीतरी आणून उभा करतात आणि प्रेक्षकाला कळलं नाही असं समजून पुढे जातात. यांनी काय केलं तर म्हणाले हा परग्रहावरचा आहे ना, मग याचं शरीर थकलं की नवं येतं! आणि नवा आलेला पॅट्रिक ट्राउटन हार्टनेलची नक्कल करतच नाही, आधीचा खडूस आजोबा आणि हा गबाळा, खिशातून बासरीसारखं वाद्य काढून वाजवत बसणारा, तरी माणूस तोच. अडचणीतून काढलेली पळवाट, पण तिने सिरीजला केवढं आयुष्य दिलं बघ. कुणीही सोडून जाऊ शकतं, नट, रायटर, प्रोड्यूसर, आणि दुकान चालू राहतं. ज्या सिरीज एकाच चेहऱ्यावर उभ्या असतात ना, त्या त्या चेहऱ्याबरोबरच संपतात.

स्टार ट्रेकने हेच जरा उशिरा केलं. जुनी सिरीज 1969 मध्ये 79 एपिसोडवर बंद झाली आणि खरी लोकप्रिय झाली ती नंतर, रिपीट दाखवायला लागले तेव्हा. मग 1987 मध्ये नेक्स्ट जनरेशन आली ती सगळी नवी माणसं घेऊनच. पहिला सीझन, खरं सांगू, बघवत नाही. पण दुसऱ्यात एक एपिसोड आहे, द मेझर ऑफ अ मॅन, मेलिंडा स्नॉडग्रासने लिहिलेला, बाई आधी वकील होत्या आणि ते दिसतं. डेटा नावाचा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो, त्याचे भाग सुटे करून अभ्यास करायचाय म्हणून केस उभी राहते की हा माणूस की सरकारी मालमत्ता. आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडायची वेळ येते त्याचाच मित्र रायकरवर, नाही म्हटलं तर डेटा हरलाच. तो भर कोर्टात डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो, मग मागे हात घालून त्याचं बटणच बंद करतो आणि डेटा पुढे कोसळतो. रायकर जागेवर जाऊन बसतो तेव्हा त्याचा चेहरा बघ फक्त. एक खोली, चारपाच माणसं, एकही लेझर नाही. तिसऱ्या सीझनला मायकल पिलर लेखकांचा प्रमुख म्हणून आला, त्याने बाहेरच्या कुणीही पाठवलेल्या स्क्रिप्ट वाचायला सुरुवात केली, रोनाल्ड मूर हा रायटर तसाच आत आला. घरात नवं रक्त येत राहिलं.

ते यायचं थांबलं की काय होतं तेही याच सिरीजमध्ये दिसतं. 1987 पासून सलग अठरा वर्षं कुठली ना कुठली स्टार ट्रेक चालूच, वरती बरीचशी तीच मंडळी, आणि शेवटी 2005 मध्ये एंटरप्राइझ चार सीझनवर गुंडाळली. गंमत म्हणजे त्याच वर्षी डॉक्टर हू परत आली, 1989 ला बंद पडलेली. ती परत आणणाऱ्या रसेल टी. डेव्हिसने सुरुवात कुठून केली, तर दुकानात काम करणाऱ्या रोज नावाच्या मुलीपासून, गजर वाजतो, ती उठते, कामाला जाते, आणि तळघरात कपडे घालून ठेवायचे पुतळे चालायला लागतात. ते पुतळे 1970 च्या एपिसोडमधले, जुन्या लोकांनी लगेच ओळखले असणार, पण नव्याला काही माहीत नसलं तरी चालतं, पुतळा चालत अंगावर येतोय एवढं पुरतं. आजकालच्या कित्येक सिरीजना हेच जमत नाही बघ, आधी चार सीझन आणि दोन सिनेमे बघून या मग आत घेऊ, असा सगळा थाट. जुन्या फॅन्सची मर्जी राखता राखता नवा प्रेक्षक दारातूनच परत जातो.

तर तू डॉक्टर हू 1963 पासून सुरू करू नकोस, उगाच सोडून देशील. 2005 चा 'रोज' नावाचा पहिला एपिसोड बघ, आणि ते आवडो न आवडो, डेटाची केस बघच. मग फोन कर, रायकरने बटण बंद करायला हवं होतं की नव्हतं यावर मला तुझ्याशी भांडायचंय.

तुझा,
सुहास