थवा उडाला की उडवला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण किनाऱ्यावरच्या स्थलांतरित पक्ष्यांचे पानभर छायाचित्र छापले आहे. शेकडो तुतवार आणि चिखल्या एकाच क्षणी वाळूवरून झेपावलेले. छायाचित्र देखणे आहे, यात वाद नाही. पण त्यात पाणी अगदी काठोकाठ दिसते आणि तेच पाहून हे पत्र लिहायला बसलो.

ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा हे पक्षी पोट भरतात. भरती चढली की जेवणाचे ताटच पाण्याखाली जाते. मग सगळे थवे उरलेल्या वाळूच्या पट्टीवर दाटीवाटीने उभे राहतात. एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. ही त्यांची दोन-तीन तासांची विश्रांती. या वेळी त्यांना उठवले, तर उतरायला दुसरी जागाच नसते.

पंधरा दिवसांपूर्वी हे मी डोळ्यांनी पाहिले. कॅमेरा लावून बसलेल्या एकाने सोबत्याला थव्याच्या दिशेने पळायला सांगितले. उडतानाचे चित्र हवे होते. पहिले मनासारखे आले नाही म्हणून पुन्हा, मग तिसऱ्यांदा. शेवटच्या खेपेला थवा पाण्यावर बराच वेळ घिरट्या घालत राहिला. एक छोटा टिलवा, जेमतेम चिमणीएवढा, सर्वांच्या आधी परतला आणि माझ्यापासून दहा पावलांवर उतरला. पाठीवरच्या पिसांच्या फिकट कडा माशाच्या खवल्यांसारख्या दिसत होत्या, म्हणजे यंदाच्याच विणीचे पिल्लू. त्याने पंख नीट मिटलेही नाहीत, तसेच वाळूवर टेकवले आणि डोळे मिटले. मी त्या दोघांना समजावायला उठलो नाही, कारण मी हललो असतो तर ते पिल्लू पुन्हा उडाले असते. ती चुटपुट अजून आहे.

शरदातल्या या प्रवासाचा हिशेब अगदी काटेकोर असतो. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे एक पिल्लू, वय सुमारे पाच महिने, अलास्काहून निघाले आणि ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात उतरले. वाटेत कुठेही न थांबता! पाठीवरच्या ट्रान्समीटरमुळे हे कळले. अशा उड्डाणाआधी हे पक्षी इतकी चरबी साठवतात, की निम्मे वजन तिचेच होते आणि पोटातली पचनाची इंद्रिये आक्रसतात. किनाऱ्यावरचा एकेक तास या साठ्यात जमा होतो. पळवून उडवलेला थवा तोच साठा जाळत असतो.

किनाऱ्यालगतच्या झाडीतही वेगळे काही नाही. तिथे येणारे पर्णवटवट्ये आणि माशीमार रात्रभर उडून पहाटे जमीन दिसताच पहिल्या झाडांत उतरतात. काहींना तिथून थेट समुद्र ओलांडायचा असतो. उत्तर अमेरिकेतला ब्लॅकपोल वॉर्बलर अवघा १२ ग्रॅमचा. तो ईशान्येकडच्या किनाऱ्यावरून निघून अटलांटिकवरून दोन-तीन दिवस अखंड उडतो आणि कॅरिबियन बेटे गाठतो, हे २०१५ मध्ये पुराव्यानिशी सिद्ध झाले. अशा पाखरांना पानाआडून बाहेर काढण्यासाठी हल्ली मोबाइलवर घुबडाचा आवाज लावतात. शत्रू आला म्हणून ती किडे टिपायचे सोडून कलकलाट करत गोळा होतात. फोटो मिळतो, पण त्यांच्या न्याहारीची वेळ टळते. खरे तर गरजच नसते. सकाळी झाडीच्या पूर्वेकडच्या कडेला उभे राहावे. ऊन तिथे आधी पोचते, किडे तिथेच आधी हलू लागतात आणि पाखरेही तिथेच येतात.

किनाऱ्यावर तर पाणीच आपले काम करते. भरती पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधी जावे, सूर्य पाठीशी घ्यावा आणि एका जागी बसून राहावे. पाणी चढेल तसे पक्षी आपसूक जवळ सरकतात. मग अभ्यासकांनी ओळखीसाठी काहींच्या पायांत घातलेली रंगीत कडीसुद्धा दुर्बिणीतून वाचता येतात. झोपलेल्या माना एकाएकी वर झाल्या, पक्षी एका दिशेने चालू लागले, की आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे.

थवे आपणहूनही उडतात. बहिरी ससाणा वरून गेला की सगळा थवा एका चेंडूसारखा गोळा होऊन वळसे घेतो. आपण छापलेले चित्र तसेही असू शकेल. नुसत्या चित्रावरून ते ठरवता येत नाही आणि छायाचित्रकारावर आरोप करण्याचा माझा हेतू नाही. म्हणून एवढेच सुचवतो, की असे छायाचित्र निवडताना थवा कशाने उडाला हे पाठवणाऱ्याला विचारावे आणि मिळालेले उत्तर चित्राखाली एका ओळीत द्यावे. शिवाय सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आपण रोज छापताच. सप्टेंबर ते नोव्हेंबर त्यांच्याशेजारी भरतीची वेळही द्यावी. रविवारी दुर्बीण घेऊन निघणाऱ्याला केव्हा जाऊन बसायचे ते कळेल.

आपला,
एक नियमित वाचक