बाभळीवरचा वटवट्या : नाव देण्याची घाई नको

संपादक महोदय,

हिवाळी पाहुणे पक्षी आले, की समाजमाध्यमांवर बूटेड आणि साइक्स या दोन वटवट्यांची (वॉर्बलर या छोट्या पक्ष्यांची) छायाचित्रे झळकू लागतात. ओळख मात्र बहुतेक वेळा निव्वळ रंगावरून ठरवली जाते, आणि इथेच घात होतो. पिसे झिजून उन्हाने विटली, की तपकिरी बूटेडही साइक्ससारखा फिका करडा दिसतो.

आधी चोच पाहावी. बूटेडच्या खालच्या चोचीच्या टोकाशी काळपट डाग असतो. साइक्सची चोच लांब आणि खालून जवळजवळ पूर्ण फिकट. बूटेडची भुवई (डोळ्यावरची फिकट पट्टी) डोळ्याच्या बरीच मागे जाते आणि तिच्या वर पुसटशी गडद कड असते. साइक्सची भुवई डोळ्यामागे लगेच विरते, वरची कडही नसते. शेपटी साइक्सची अधिक लांब.

फोटो जास्त उजळ आला, की चोचीवरचा डाग आणि भुवईवरची कड दोन्ही नाहीशी होतात आणि बूटेडचा साइक्स होतो! सावलीत नेमके उलटे घडते. म्हणून ऊन पाठीशी घ्यावे, पक्षी बाजूने दिसत असताना चोचीपासून शेपटीपर्यंत दिसेल असे सलग पाच-सहा फोटो काढावेत आणि सर्व फोटोंत टिकणारी खूणच ग्राह्य धरावी.

बूटेड बहुधा गवतात, झुडपांच्या बुडाशी वावरतो; साइक्सला बाभळीचा शेंडा प्रिय. पण बूटेडही बाभळीवर चढतो, त्यामुळे जागा हा पुरावा नव्हे. दोघांचा 'चक्' आवाजही फारच मिळताजुळता. या दोघांत ब्लाइथचा बोरू वटवट्याही मिसळला जातो, पण त्याची शेपटी टोकाला गोलसर असते आणि तिच्या कडेला या दोघांसारखी पांढुरकी किनार नसते.

कर्नल विल्यम साइक्स यांनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत साइक्स वटवट्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. पुढे दीर्घकाळ तो बूटेडचीच उपजात मानला गेला. जाणकारही जिथे इतकी वर्षे या दोघांना एकच जात मानत राहिले, तिथे आपण एका धूसर फोटोवर निकाल देऊ नये. खुणा जुळत नसतील, तर ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर 'बूटेड/साइक्स' असा जोडपर्याय आहे, तो निवडावा. चुकीच्या नावाची नोंद एकदा नकाशावर चढली, की ती शोधून काढणे फार कठीण जाते.

– एक पक्षिनिरीक्षक, पुणे