‘अव्यापारेषु व्यापार’ म्हणजे तोट्याचा धंदा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अव्यापारेषु व्यापार’ हा प्रयोग हल्ली तोट्याच्या धंद्यासाठी किंवा जोडधंद्यासाठी केलेला वाचायला मिळतो. तो चुकीचा आहे. इथे व्यापार म्हणजे खरेदी-विक्री नव्हे, तर काम, उद्योग. ‘मनोव्यापार’ या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. ज्या कामाशी आपला संबंध नाही त्यात हात घालणे, म्हणजेच नसती उठाठेव, एवढाच या प्रयोगाचा अर्थ.

याचे मूळ पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात आहे. पिंगलक सिंह कशाला घाबरला याची चौकशी दमनक नावाचा कोल्हा करू पाहतो, तेव्हा त्याचा सोबती करटक त्याला कीलोत्पाटी, म्हणजे पाचर उपटणाऱ्या वानराची गोष्ट सांगतो. देवळाचे काम चाललेले असते. सुतार दुपारी जेवायला जातात. अर्धवट चिरलेल्या खांबात खैराची पाचर ठोकून ठेवलेली असते. वानर त्यावर बसून ती उपटतो, फट मिटते आणि तो मरतो. मुलांच्या पुस्तकांत त्याची शेपटी अडकते. मूळ कथेत अडकतात ते वृषण.

ही गोष्ट सुतारकामाच्या नेमक्या माहितीवर उभी आहे. लाकूड उभे चिरताना आतला ताण मोकळा होतो, फट मागून मिटू लागते आणि करवतीचे पाते आवळले जाते. म्हणून करवत पुढे सरकली की मागे पाचर ठोकतात. ती कठीण आणि पुरती वाळलेली हवी. आपल्याकडे बाभळीची चालते. ओली पाचर दबते किंवा पुढे आकसून सैल पडते. ती काढायची तर आधी शेजारी दुसरी ठोकून ताण तिच्यावर घ्यायचा, मग पहिलीला बाजूने हलके ठोके द्यायचे. फटीत बोटसुद्धा घालायचे नाही. वानर नेमका फटीवरच बसला.

मराठीतला ‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार याच्या जवळचा, पण वेगळा. जमलेली सोयरीक मोडावी म्हणून मुद्दाम खोडा घालणारा पाचर मारतो. त्यात हेतू असतो. वानराला कसलाच हेतू नव्हता. त्यामुळे ठरवून केलेल्या कारस्थानालाही ‘अव्यापारेषु व्यापार’ म्हणू नये.

मराठवाड्याने तर हा प्रयोग नीट जपायला हवा. हीच गोष्ट सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही आहे. तो ग्रंथ ज्या ‘बृहत्कथे’वरून रचला, तिचा कर्ता गुणाढ्य परंपरेनुसार सातवाहनांच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा.

वापरताना शंका आली तर त्या जागी ‘नसती उठाठेव’ घालून वाक्य वाचावे. ज्याचे शेत कालव्याच्या लाभक्षेत्रातच नाही त्याने पाणीपाळीच्या वेळापत्रकात दुरुस्त्या सुचवणे, हा अव्यापारेषु व्यापार. पडलेल्या भावाने सोयाबीन विकावे लागणे, हा नव्हे.

आपला,
एक वाचक, परभणी