पाळतीची कात्री दिसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी दिवाळी अंकासाठी वाळूउपशावर लेख लिहिताना एका निवृत्त कर्मचाऱ्यांना भेटायला गेलो होतो. बोलण्याआधी त्यांनी माझा आणि स्वतःचा मोबाइल स्वयंपाकघरात नेऊन पिठाच्या डब्यात ठेवला, वर घट्ट झाकण लावले आणि मगच ते खुर्चीवर बसले. त्यांचा फोन खरोखर कोणी ऐकत होते की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तरीही घरी आल्यावर त्यांच्या माहितीवर बेतलेला परिच्छेद मी स्वतःच्या हाताने खोडला आणि लेख तसाच धाडून दिला.

आमच्या कराडात १९७५ च्या डिसेंबरात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीला विरोध केला होता. तेव्हाची सेन्सॉरशिप जाचक होती, पण कात्री कोणाच्या हाती आहे, हे निदान माहीत असे. माझ्या खोडलेल्या परिच्छेदाबद्दल मी दाद कोणाकडे मागू?

दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या खरकसिंग यांच्या दारावर उत्तर प्रदेशातले पोलिस रात्री-अपरात्री थाप मारत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, बाकीची पाळत मात्र राहू दिली. न्या. सुब्बाराव यांनी तेव्हाच वेगळे मत नोंदवले की, अशा पाळतीमुळे माणसाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरही गदा येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निर्वाळा यायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले.

व्यवहारात मात्र फोन ऐकण्याची परवानगी आजही गृहसचिव देतात आणि ती योग्य होती का, हे तपासणारी समितीही सचिवांचीच असते. म्हणजे घरचेच पंच. आदेश साठ दिवसांचा, वाढवत नेला तर १८० दिवसांपर्यंतचा. ज्याचा फोन ऐकला, त्याला ते कधीच कळवले जात नाही आणि नोंदीही, कामासाठी लागणार नसतील तर, सहा महिन्यांनी नष्ट करायच्या असतात.

गुन्हेगारांवर नजर ठेवू नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र परवानगी न्यायाधीशाने द्यावी आणि आदेशाची मुदत संपून काहीच निष्पन्न झाले नसेल, तर संबंधिताला लेखी कळवावे, एवढी दुरुस्ती या नियमांत व्हायला हवी. साहित्य संस्थांनी आपल्या ठरावांत ही मागणी घ्यावी, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक लेखक-वाचक, कराड