शनिवारी रात्री मी कुठे होते

डेव्हनपोर्ट, आयोवा
रविवार, रात्रीचे नऊ

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आजी पडली त्याला आज आठ दिवस झाले. या आठ दिवसांत आपण रोज बोललो, पण प्लास्टर, गोळ्या आणि सूज याच्या पलीकडे गेलो नाही. त्या दिवशी मी उलटा फोन केला तेव्हा आई, तू एवढंच म्हणालीस, "बाहेर होतीस ना." चिडून नाही म्हणालीस, ते मला कळलं. पण त्यानंतर मला बोलायला काही सुचलं नाही. तसंही गेली दोन वर्षं आपलं बोलणं याच वाक्यापाशी येऊन अडतं. म्हणून लिहायला बसले. दादा, याची प्रिंट काढ आणि आजीला मोठ्याने वाचून दाखव. तिला फोनवर वाचायला लावू नकोस, डोळ्यांतून पाणी येतं तिच्या.

मी बरी आहे. थंडी सुरू झाली आहे, जाड कोट आहे, हीटर नीट चालतो. डबा नेते. ते सगळं तुम्हाला माहीतच आहे.

आता त्या रात्रीचं सांगते. मी चर्चच्या हॉलमध्ये होते. प्रार्थनेला नाही, काळजी करू नका. आपल्याकडे मंगल कार्यालयं असतात तसे इथे चर्चला जोडून मोठे हॉल असतात आणि ते सगळ्यांनाच भाड्याने मिळतात. तिथे ट्रिव्हिया नाइट होती, म्हणजे सामान्यज्ञानाची स्पर्धा. मोठी माणसं शनिवारी रात्री सामान्यज्ञानाचा पेपर सोडवायला जातात हे मलाही आधी खरं वाटलं नव्हतं, म्हणून नीट समजावते.

एका टेबलावर आठ जण. माणशी दहा डॉलर. दहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत दहा प्रश्न. माईकवर एक जण प्रश्न वाचतो, आठ जणांनी डोकी जवळ आणून कुजबुजायचं, एकाने कागदावर उत्तर लिहायचं. फेरी संपली की पोरं येऊन कागद गोळा करून नेतात. खाणं ज्याचं त्याने घरून आणायचं. काही टेबलांवर शेगडीसारखी विजेची भांडी लावून गरम रस्से असतात, कोणी केक आणतं, कोणी फक्त वेफर्स. मी कांदेपोहे नेले होते, डबा पहिल्या दोन फेऱ्यांतच रिकामा झाला. आणि मलिगन म्हणून एक प्रकार असतो. सुरुवातीलाच पैसे देऊन छोटे गोल स्टिकर घ्यायचे. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तिथे स्टिकर चिकटवायचा, की ते उत्तर बरोबर धरतात. बाबा, तुम्ही म्हणाल ही तर उघड उघड कॉपी झाली. मीही पहिल्यांदा तेच म्हणाले. पण स्पर्धा जिंकण्यासाठी नसतेच. जमलेला सगळा पैसा कोणाच्या तरी कामाला जातो. त्या दिवशीचा एका शाळेच्या बँडला नवे पोशाख घ्यायला होता. कधी कोणाच्या आजारपणासाठी असतो. वर्गणीची पावती फाडायच्या ऐवजी लोक स्टिकर घेतात, इतकंच. ऐंशीच्या पुढच्या बायका काठी टेकत येतात आणि रात्री साडेदहापर्यंत बसतात.

आणि एक नियम फार कडक असतो. फोन टेबलावर दिसता कामा नये. दिसला तर उत्तर शोधलं असं धरून त्या फेरीचे गुण जातात. म्हणून सगळे जण फोन कोटात ठेवतात आणि कोट दाराजवळच्या खुंटीवर. माझाही तिथेच होता.

या महिन्यात इथली घड्याळं तासभर मागे गेल्यापासून तुमच्यात आणि माझ्यात साडेअकरा तासांचं अंतर आहे. तुमचे सकाळचे साडेआठ म्हणजे माझे रात्रीचे नऊ. आजी न्हाणीतून बाहेर येताना घसरली तेव्हा इथे पाचवी फेरी चालली असणार. त्या फेरीतला एक प्रश्न होता, अमेरिकन मोहरीच्या चटणीला पिवळा रंग कशाने येतो. टेबलावरचे सगळे गप्प. मोहरीच पिवळी असते ना, असं कोणीतरी म्हणालं. मी पेन ओढून घेतलं आणि हळद लिहिलं. बाबा, त्या वेळी मला तुमच्या दुकानातून आल्यावरच्या शर्टाची आठवण झाली. कॉलरच्या आत पिवळी रेघ असायची आणि आई ती साबण लावून दगडावर घासत बसायची, तरी जायची नाही. उत्तर बरोबर आलं, टेबलावर टाळ्या पडल्या, मी सगळ्यांना सांगितलं की माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत तीस वर्षं आहेत, सौदा कसा निघतो, पूर्वी हरिपूरला जमिनीत पेवं खोदून हळद कशी साठवायचे. खूप आनंदात होते मी. अकराला कोट घातला तेव्हा दादाचे सात मिस्ड कॉल होते.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सात कॉल आणि मी हळदीच्या गोष्टी सांगत होते.

आई, तुझ्या बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरं देते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही. काकूंनी स्टेटसवरच्या फोटोत जो काळपट ग्लास पाहिला ती रूट बिअर. नावात बिअर आहे, दारू त्यात थेंबभरही नसते, लहान मुलं पितात. वास आयोडेक्ससारखा येतो, मला आवडत नाही, पण चहा नव्हता. हॉलमध्ये खरी बिअरही मिळते, लोक घेतात. मी घेत नाही. तुम्ही नको म्हणता म्हणून नाही, मला चव आवडत नाही म्हणून.

येताना गाडी कोण चालवतं? टेबलावरच्या एक बाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्या घराच्या वाटेवरच राहतात. त्या सोडतात आणि मी दार उघडून आत दिवा लावेपर्यंत गाडी हलवत नाहीत. त्यांच्यात आणि आपल्या शेजारच्या मावशींमध्ये मला तरी काही फरक दिसत नाही. बाबा, तुम्ही गोळीबाराच्या बातम्या पाहता, त्या खोट्या नाहीत. इथेही रात्री कोणत्या गल्लीत जायचं नाही हे ठरलेलं असतं, आणि मी जात नाही. पण शिकागोची बातमी लागली की तुम्ही मला फोन करता. शिकागो इथून गाडीने तीन तासांवर आहे. डेव्हनपोर्ट लाखभर वस्तीचं गाव आहे. सांगली, मिरज, कुपवाड जसं एकात एक मिसळलं आहे तशी इथे नदीच्या दोन्ही काठांना मिळून पाच गावं आहेत, आणि त्यांना क्वाड सिटीज म्हणजे चार शहरं म्हणतात. या काठाला आयोवा, पलीकडे इलिनॉय. उन्हाळ्यात जेवणं झाल्यावर आम्ही २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या पुलावर फिरायला जातो. पायी चालणाऱ्यांना वेगळी वाट आहे आणि मधोमध जमिनीत गोल जाड काच बसवली आहे. तिच्यावर उभं राहिलं की पायाखाली मिसिसिपी दिसते. रात्री कमानींवर रंगीत दिवे असतात. लोक कुत्री घेऊन, बाबागाड्या ढकलत येतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर कठड्याला रेलून उभे राहणारे लोक आठवले.

त्या बाईंशी ओळख झाली तीही पाण्यावरूनच. डेव्हनपोर्टच्या नदीकाठाला कायमची पूरभिंत नाही. २०१९च्या ३० एप्रिलला इथला वाळू भरून केलेला तात्पुरता बांध फुटला आणि बाजारपेठेत पाणी शिरलं. दोन दिवसांनी पाणी २२.७ फुटांवर गेलं, आजवरचं सगळ्यात जास्त. बाईंच्या भावाच्या दुकानात ते शिरलं होतं. मी म्हणाले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या आयर्विनवर ५७ फुटांच्या वर होतं, आणि आम्ही आजीला होडीतून काढलं. मग त्या विचारायला लागल्या, तुमच्याकडे धोका किती फुटांना? मी म्हणाले ४५. त्या म्हणाल्या, आमच्याकडे १५ला पूर म्हणतात. पाणी आता किती फुटांवर, हे विचारणारं माणूस मला सांगली सोडल्यापासून पहिल्यांदा भेटलं. त्यांनीच पुढच्या शनिवारी टेबलावर एक जागा रिकामी आहे म्हणून बोलावलं.

बाबा, विष्णुदास भावे नाट्यमंदिरात नाटक बघून तुम्ही एक-एक वाजता घरी यायचात. आई जागी असायची, पण तुम्हाला कोणी विचारलं नाही. मुलगी आणि मुलगा यात तुम्ही फरक करत नाही, असं तुम्हीच लोकांना सांगता. मग मला रात्री दहाला का विचारता?

हे लिहिताना जरा चढा सूर लागला. पण खोडत नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या हिवाळ्यात मी कुठेच जात नव्हते. डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो. ऑफिसातून आले की पडदे ओढायचे, मुगाची खिचडी टाकायची, आणि शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून एक शब्द बाहेर पडायचा नाही. तुमचा फोन आला की आधी घसा खाकरून घ्यायचे, आवाज नीट यावा म्हणून. तुम्हाला मजेत म्हणून सांगायचे आणि तुम्ही खूश व्हायचात, कारण मी घरात होते. आई, तुला जी घरात बसलेली मुलगी हवी होती ती तेव्हा नीट नव्हती. आता आहे. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही, कळावं म्हणून लिहितेय.

आता बाकीचं. दादाच्या खात्यावर ६० हजार पाठवले आहेत, मंगळवारपर्यंत दिसतील. न्हाणीत खरबरीत फरशी आणि धरायला दांडा आधी बसवा, उरलेले आजीच्या औषधांना. परत पाठवायचे नाहीत, बाबा, मागच्या वेळसारखं करू नका. शिक्षणकर्जाचे तीनच हप्ते राहिले, फेब्रुवारीत संपतात. त्यामुळे गाडी यंदा घेत नाही, आहे ती चालते. आत्याच्या मुलीच्या लग्नाला यायचं मी कबूल केलं होतं. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळत नाहीये. मिळाली तर बारा दिवस येईन, नाही मिळाली तर येणार नाही. गेलं आणि परत येता आलं नाही तर काय, हे मला रोज छळतं. आत्याला आत्ताच सांगू नका, मी स्वतः फोन करेन.

इचलकरंजीच्या स्थळाबद्दल. मुलगा डॅलसला आहे, फोटो पाहिला, मला काही वाईट वाटला नाही. नंबर पाठवा, बोलेन. पण बोलले म्हणजे ठरलं असं काकूंनी कोणाला सांगायचं नाही. आणि मी शनिवारी रात्री बाहेर जाते हे त्यांच्या घरच्यांपासून लपवायचं नाही. विचारलं तर सरळ सांगा. त्यावरून मोडलं तर मोडू दे.

पुढची स्पर्धा १३ तारखेला आहे. मी जाणार आहे. हॉलवर माईक धरणाऱ्या गृहस्थांना मी आजीचं सांगितलं. ते म्हणाले, फोन उलटा करून आमच्या टेबलावर ठेव, वाजला तर आम्ही हाक मारू. दादा, एक रिंग देऊन ठेवू नकोस, उचलेपर्यंत वाजव.

आजी, तुझा उजवा हात आहे म्हणे प्लास्टरमध्ये. तुझा अंबाडा कोण घालतंय? वहिनी घालत असेल तर तिला सांग, आकडे डाव्या बाजूने खोचायचे, उजवीकडे तुला टोचतात.

तुमची,
राणी