नॉर्डकॅप या वेळी नाही, बाबा

हॅम्बुर्ग, ८ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवताना बाबा म्हणाले, "ठीक आहे, बघा तुमचं." हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. डेपोत कुणी त्यांचं न ऐकता गाडी मार्गावर काढली की घरी येऊन ते हेच म्हणायचे, आणि मग दोन दिवस अबोला. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मधेच कुकरची शिट्टी होते आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. दादा हे छापून देईल, सोबत नकाशाही. बाबा, तुमचा तो जुना शाळेचा ॲटलास शेजारी उघडून बसा.

खरं तर मी तयारी केली होती आईशी भांडायची. मुलगी, एकटी, मोटरसायकलवर, नॉर्वेत. पण आईने एकच विचारलं, "रात्री झोपायचं कुठे?" भांडले ते बाबा. आणि कशावरून, तर युरोपचं उत्तर टोक म्हणवणाऱ्या त्या नॉर्डकॅपला मी जात नाही यावरून! "पंढरपुरापर्यंत जायचं आणि विठोबा न बघता परतायचं?"

आता रजेचा हिशेब सांगते. मला वर्षाला तीस दिवस रजा. त्यातले पंधरा नोव्हेंबरात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेत. ख्रिसमसला ऑफिस बंद असतं, त्यात तीन जातात. उरले बारा. दोन हाताशी ठेवले की दहा. दोन आठवडे आणि तीन शनिवार-रविवार जोडून सोळा दिवस होतात. यापेक्षा एक दिवसही जास्त निघत नाही.

बाबांनी तोडगा सुचवला की नोव्हेंबरातले आठ दिवस इकडे ओढ, आईच्या गुडघ्याला दादा आहे. आणि मागून आई "हो हो" म्हणाली, ते मला ऐकू आलं. तर ते होणार नाही. ऑपरेशननंतर पहिले पंधरा दिवस आईला कोणीतरी रागावून चालायला लावायचं आहे. दादाला ते जमणार नाही, तो तिच्या आधी रडेल. हा विषय इथेच संपला.

राहिलं नॉर्डकॅप. हॅम्बुर्गहून डेन्मार्क-स्वीडन-फिनलंडमार्गे गेलं तरी ते पावणेतीन हजार किलोमीटर आहे, फक्त जायला. येऊन-जाऊन साडेपाच हजार. सोळातला एक दिवस पावसापाण्यासाठी आणि एक तिथे थांबायला सोडला, तर उरलेले चौदाही दिवस रोज चारशेच्या घरात चालवायचं. तुम्हाला वाटेल, चारशे म्हणजे काय, आपली पुणे-नागपूर गाडी एका रात्रीत सातशे करते. पण तिथे ड्रायव्हर दोन असतात. शिवाय नॉर्वेत गावाबाहेर वेगमर्यादा साधारण ऐंशीची, गावात पन्नासची, आणि दंड असा की आपण घाबरून सत्तरनेच जावं. वळणं, बोगदे, फेरीबोटीची वाट बघणं, सगळं धरून ताशी पन्नास पडले तरी खूप. स्वीडनमध्ये रस्ता पळतो, पण दोन्ही बाजूंना नुसतं झाडांचं कुंपण.

आणि एवढं करून बघायचं काय? ३०७ मीटर उंचीचा कडा आणि त्यावर एक लोखंडी पृथ्वीगोल. मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तिथे सूर्य मावळत नाही हे खरं, आणि ते तुम्हाला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं हेही मला कळतं. पण तो कडा मुख्य भूमीवर नाहीच. तो मागेरोया नावाच्या बेटावर आहे. १९९९ मध्ये समुद्राखालून जवळजवळ सात किलोमीटरचा बोगदा काढला, तळाशी २१२ मीटर खोल, तेव्हापासून गाडी थेट वर जाते. आणि खरी गंमत पुढे आहे. त्या बेटाचंसुद्धा सगळ्यात उत्तरेचं टोक ते नाही. शेजारी जमिनीचं एक बुटकं टोक त्याहून थोडं पुढे गेलंय, आणि तिथे जायला नऊ किलोमीटर चालावं लागतं. म्हणजे गाडीवर बसून टोकापर्यंत गेले तरी विठोबा राहिलाच!

मागच्या सप्टेंबरात मी एका शनिवार-रविवारी डेन्मार्कच्या स्केगनला जाऊन आले, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. पाचशेच्या वर जाताना, तेवढंच येताना. तिथे वाळूच्या जिभेवर दोन समुद्र समोरासमोर येऊन थडकतात, दोन्हींच्या लाटा एकमेकींवर आडव्या चढतात. मी तिथे पंचवीस मिनिटं होते. आज आठवायला बसले तर आठवतं काय? एका पेट्रोल पंपावर उजव्या हाताची बोटं इतकी बधिर झाली होती की कार्ड मशिनमध्ये घालता येईना, मागच्या आजोबांनी घालून दिलं. आणि गार चीजचा पाव. समुद्र फोटोत आहे, बोटं मात्र अजून जाणवतात.

उलट वरंधा घाट बघा. तुम्ही राजदूतच्या टाकीवर मला पुढे बसवून महाडला निघाला होतात. वाघजाईपाशी असं धुकं उतरलं की पुढचं चाक दिसेना. दोन तास भजीवाल्याच्या ताडपत्रीखाली बसलो. तुमचा शर्ट ओला, त्याला डिझेलचा वास. महाडला कशासाठी जात होतो ते मला माहीत नाही, पोचल्याचंही आठवत नाही. तुमचाच नियम होता ना, घाटाच्या रस्त्यावर दिवसाला दोनशे, त्यापुढे गाडी चालते, माणूस चालत नाही. माझा कार्यक्रम त्याच नियमावर बेतलाय.

इथून कील शंभर किलोमीटर. तिथून दुपारी दोनला बोट सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑस्लो. गाडी बोटीच्या पोटात, पट्टे ते देतात पण आवळायचे आपणच. एसटीच्या टपावर पोती बांधणाऱ्याची मुलगी आहे मी, काळजी नको. ऑस्लोहून उत्तरेला लोम नावाचं गाव, तिथे बाराव्या शतकातलं लाकडी चर्च आहे. मग गायरांगेर. नकाशात समुद्राची बोटं जमिनीत घुसलेली दिसतील, त्यातलंच हे एक. वर जायला अकरा वळणांचा घाट, तिथून पुढे थोड्या अंतरावर ट्रोलस्टिगेन, तोही अकरा वळणांचा, १९३६ सालचा. हा दुसरा २०२४ च्या उन्हाळ्यात दरडींमुळे बंद ठेवावा लागला होता. पावसाळ्यात आपल्या वरंध्याचं जे होतं तेच. म्हणून त्याच्यावर सगळा कार्यक्रम टांगलेला नाही. उघडा असला तर जाईन, नसला तर वळसा.

त्यापुढे अटलांटिक रोड. आठ किलोमीटरात आठ पूल, एका खडकावरून दुसऱ्यावर. तिथून दक्षिणेला वळायचं. सोग्नेफ्येल हा १४३४ मीटरवरचा रस्ता, उत्तर युरोपातली सगळ्यात उंच खिंड. जूनमध्येही बाजूला बर्फाच्या भिंती असतात. नंतर लार्डालला एक निवड आहे. खालून साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा, जगातला सगळ्यात लांब रस्त्याचा बोगदा, २००० सालचा. माणूस कंटाळून झोपू नये म्हणून आत तीन ठिकाणी गुहा मोठ्या करून निळा उजेड सोडलाय. तेच अंतर डोंगरावरून जुन्या रस्त्याने सत्तेचाळीस किलोमीटर पडतं. घाई असेल तर वीस मिनिटांत बोगदा. मला घाई नसावी म्हणूनच नॉर्डकॅप कापलं, तेव्हा मी वरून जाणार. मग बेर्गन, हार्डांगेरच्या सफरचंदाच्या बागा, खाली क्रिस्तियानसान, तिथून बोटीने डेन्मार्क आणि शेवटचे पाचशे एका दमात. तो एक दिवस नियमाला माफ करा.

बेर्गनला पाऊस फार, असं इथे सगळे भीती घालतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. मी विचारलं, महाबळेश्वर माहीत आहे का? तिकडे पाच हजारांवर पडतो, आणि तोही चार महिन्यांत!

आई, आता तुझं. झोपायला कॅम्पिंगच्या जागेवर लाकडी खोल्या मिळतात, त्यांना हिट्टे म्हणतात. दोन बाकडी, शेगडी, दाराला कुलूप. तंबूही बरोबर असेल, कारण तिथल्या कायद्याने पडीक जमिनीवर कुणीही दोन रात्री राहू शकतं, फक्त राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब. पण तंबूत एखादीच रात्र. संध्याकाळी सहानंतर गाडी चालवायची नाही हे मी ठरवलंय, जरी तेव्हा अंधार पडत नसला तरी. तिकडे जूनअखेरीला अकराच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मग रात्र अशी होतच नाही. भाजणी दोन किलो पाठव, मेतकूट पाव किलो. लोणचं नको. मागच्या वेळी बरणी फुटून सगळ्या स्वेटरांना मोहरीचा वास लागला होता. पेट्रोल लिटरला वीसेक क्रोनर, म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. तेव्हा बाहेरचं खाणं मला तसंही परवडणार नाही. टोलनाके मात्र मोटरसायकलला बहुतेक ठिकाणी माफ आहेत.

भीती कशाची म्हणशील तर मेंढरांची. पश्चिम नॉर्वेत ती उन्हाळ्यात मोकळी सोडतात आणि रस्त्यावर, कधी बोगद्यातसुद्धा, बसून राहतात. बाहेर लखलखीत ऊन, आत एकदम काळोख आणि ओली जमीन. बोगद्याच्या तोंडाशी वेग निम्मा करायचा, हे मी टाकीवर कागद चिकटवून लिहिणार आहे. अरुंद रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने 'एम' अक्षराची निळी पाटी असते, तिथे एकाने बाजूला थांबायचं. बाबा, तुम्ही भोरच्या रस्त्यावर हात बाहेर काढून करता तेच, फक्त शिव्या न देता.

गाडीचं असं आहे. मागचा टायर नवीन टाकणार, पुढचा अजून एक मोसम चालेल. हँडलच्या मुठी गरम होणाऱ्या बसवल्यात, सप्टेंबरची अद्दल. डोंगरावर चार-पाच डिग्री असेल, त्यासाठी जॅकेटच्या आत छातीला वर्तमानपत्र लावायची तुमची युक्ती करणार आहे. इथल्या मुलांना सांगितली तर हसली. बर्फात बघू कोण हसतं.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. चेन अर्धी झिजलीय. स्प्रॉकेटचे दात हाताला अजून टोकदार लागत नाहीत, पण मधे कुठे कुठे आखडते. नुसती चेन बदलू की स्प्रॉकेटसकट सगळा सेट? इथला मेकॅनिक सेटच घ्या म्हणतो, पण तो विकायलाच बसलाय. आणि क्लच केबल जादाची नेऊ का? नेली तर ती जुन्या केबलला बांधून आधीच टाकीखालून ओढून ठेवायची, तसं तुम्ही राजदूतला करायचात, ते नीट कसं करायचं ते चित्र काढून पाठवा. दादाला फोटो काढायला सांगा.

नकाशावर मी पेन्सिलने रेघ मारली आहे, शाईने नाही. सातव्या आणि नवव्या दिवसाच्या मधे एक दिवस कोरा ठेवलाय. तो कुठे घालवायचा ते तुम्ही सांगा. गायरांगेरला, नाहीतर त्या अटलांटिकच्या पुलांपाशी. बोटीचं तिकीट मात्र या महिनाअखेरीला काढायचं आहे, तेव्हा अबोला तोवर संपवा.

तुमची,
चिमी

ता. क. आई, ऑपरेशनच्या आधीचे व्यायाम रोज करतेस का, हे मी दादाला विचारलं. तो "हो" म्हणाला, पण जरा उशिराने.